अष्टमी की रविवार: प्रभाकररावांशी अर्धवट राहिलेलं भांडण

प्रभाकरराव,

कारखान्याच्या फाटकावर नवी पाटी लागली आहे. 'दर रविवारी बर्फ कारखाना बंद राहील.' म्हणजे मी जिंकले. डहाणूच्या या कारखान्यातल्या माणसांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून मी फाटकाबाहेर घसा फोडत होते आणि तुम्ही, तिथले व्यवस्थापक, आतल्या खुर्चीत बसून मला नाही म्हणत होतात. आता सुट्टी आहे आणि तुम्ही नाही. तुमच्या तेराव्याच्या आधीच पाटी लागली. दोघेजण माझ्याकडे पेढे घेऊन आले. मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

वर्तमानपत्रात तुमच्याबद्दल दोन ओळी आल्या. 'अपघाती निधन.' निधन ठीक आहे. अपघाती मला मान्य नाही. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, कामावर कुणी मेलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुणाच्या निर्णयाने मेलं? तुमच्या बाबतीत तो विचारताना माझी जीभ अडखळते, कारण उत्तरात थोडे तुम्हीही आहात. आणि तुम्ही समोर असता तर हे मी तोंडावर बोलले असते. मागे बोलायची सवय मला नाही, तुम्ही लावलीत.

आपली पहिली भेट फाटकावरच झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी परकर-पोलक्यात पत्रकं वाटलेली मी, मला कुणाची भीती? तुम्ही माझ्या हातातलं पत्रक घेतलंत, उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलंत आणि म्हणालात, "उद्गारचिन्हं ढीगभर आणि मागणी एक. उलटं करून बघा."

"तुम्ही शेठची माणसं ना? मग शेठची पत्रकं सुधारा."

"शेठ पत्रकं काढत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही."

स्वतःच हसलात. मी नाही हसले. मांगेलवाड्यात घरी पोचेपर्यंत दम धरला, मग ओटीवर बसून हसले. आईने विचारलं, "काय गो, येडी झाली काय?"

तुम्ही मुंबईच्या गिरणीत हातात घड्याळ घेऊन कामगारांच्या पाठीशी उभे राहायचात हे मी शोधून काढलं होतं. कोण किती वेळात किती काम करतो ते टिपायचं आणि मालकाला द्यायचं. दुसऱ्या भेटीत ते तुमच्या तोंडावर फेकलं. तुम्ही चिडला नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. "म्हणून तर सोडली गिरणी," तुम्ही म्हणालात. "आम्ही माणसाचे हात मोजत होतो. वेळ हातात जातच नव्हता. माल एका खात्यातून उठून दुसऱ्यात जाईपर्यंत पडून राहायचा, माणूस बसून वाट बघायचा आणि वर आळशी ठरायचा. ते बसणं कुणाच्या निर्णयाने, हे मोजायला कुणी सांगितलं नाही."

मी तुमच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते तेव्हा. विश्वास नाही ठेवला. पण बघितलं.

तुमच्या खोलीतल्या भिंतीवर कामाचं वेळापत्रक म्हणून एक फळी होती. फळीवर खिळे, खिळ्यांना जाळी विणायचे रंगीत दोरे, एका कामाला एक रंग. कुठल्याही कारखान्यात अशा फळीवर सोमवार-मंगळवार असतात. तुमच्या खिळ्यांखाली प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. माणसं तुम्हाला भटजी म्हणायची. मीही पत्रकात लिहिलं होतं की हे साहेब कारखाना चालवतात की मुंजीचे मुहूर्त काढतात. ते पत्रक तुम्ही फळीशेजारीच टाचून ठेवलंत.

खरं म्हणजे मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझी आई मासे विकते. मामा होडीवर जातो. आमची कोळ्यांची होडी वार बघून निघत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ, तेव्हा जाळी भरतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद, होड्या किनाऱ्याला आडव्या. आणि बर्फाची लादी डब्यात धरायला दोन दिवस घेते. तुमच्या आधीचे व्यवस्थापक रोज सारखाच बर्फ लावायचे, शिस्त म्हणून. उधाणाला बर्फ पुरायचा नाही, भांगाला भाताच्या कोंड्यात पडून पाणी व्हायचा. "आज लागणारा बर्फ परवाच लावायला हवा होता," हे तुमचं वाक्य. येताजाता म्हणायचात. कॉम्प्रेसरवरचा जान्या तुमची नक्कल करायचा. बायको म्हणाली जेवायला चला, तर म्हणायचा, "आज लागणारी भूक परवाच लावाया होवी."

पण तिथेच आपलं वाजलं. मी म्हणाले, रविवारची सुट्टी द्या, कायदा आहे. तुम्ही म्हणालात, अष्टमी घ्या. महिन्यातून दोन अष्टम्या पूर्ण बंद, शिवाय भांगातला अर्धा अर्धा दिवस. बेरीज केली तर रविवारपेक्षा कमी भरत नाही.

"बेरीज तुमच्याकडे ठेवा. कायद्यात आठवडा लिहिलाय."

"समुद्राने कायदा वाचलेला नाही."

"मग समुद्रालाच कामावर ठेवा!"

"एका अमावास्येला रविवार आला, कारखाना बंद, तर तुमच्या आईच्या टोपलीत काय घालू?"

आई मध्ये आणलीत म्हणून मी चिडले आणि जान्याला मध्ये आणलं. जान्या तलासरीकडच्या पाड्यावरचा. त्याचा मुलगा कासाच्या आश्रमशाळेत. तिथे आईबापांना भेटू देतात रविवारी. "अष्टमीला आश्रमशाळा सुटते का हो, भटजी?"

तुम्ही फळीकडे वळलात. एका मोकळ्या खिळ्यावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "याला दोरा कुठला लावू, कळत नाही."

तुमच्यासारख्या माणसाने हे कबूल केलं, त्याबद्दल तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी जिंकल्यासारखी उठून गेले.

उधाणाच्या दिवसांत बर्फ देण्याच्या ओट्यावर मी मुद्दाम येऊन उभी राहायचे, तुम्हाला पकडायला. मला खात्री होती की व्यापाऱ्याचा ट्रक आला की तुमचा न्याय वितळणार. एकदा खरंच आला. चारोटीहून हमरस्त्याने मुंबईला माल नेणारा मोठा व्यापारी, सगळ्या टोपलीवाल्यांच्या आधी येऊन उभा. बर्फ थोडा होता. तुम्ही म्हणालात, आधी बोंबीलवाल्या, मग बाकीच्या टोपल्या, मग ट्रक.

"मी पहाटेपासून उभा आहे!" तो ओरडला. "आधी येईल त्याला आधी, जगाचा नियम आहे."

"तुम्ही थांबू शकता. बोंबील थांबू शकत नाही. आणि या बायकांना एकेक तुकडा दिला की ओटा रिकामा होतो. तुम्हाला आधी दिला तर सगळेच उभे."

माझी आई पापलेट घेऊन मधल्या रांगेत होती. ती मोठ्याने म्हणाली, "मंगे आमी पन बोंबीलच व्हाया पायजे होतं." ओट्यावर हशा पिकला. ट्रकवाला शिव्या देत थांबला, पण थांबला. मी तुम्हाला विचारलं, खरं सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूचे? तुम्ही म्हणालात, "क्रमाच्या." मी म्हणाले, क्रम कुणाच्या तरी बाजूचा असतोच. आज आमच्या बायकांच्या बाजूचा होता, उद्या शेठ सांगेल तेव्हा? तुम्ही म्हणालात, उद्याचं उद्या. परवाचा बर्फ आज लावणारा माणूस मला म्हणतो, उद्याचं उद्या.

आता ते बोलते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

तुम्हाला रिकामा दिवस बघवत नव्हता, प्रभाकरराव. भांगात कारखाना मंद चालायचा, फळीवर तिथे दोरा नसायचा, आणि ती जागा तुमच्या डोळ्यात खुपायची. म्हणून तुम्हीच महालक्ष्मीच्या जत्रेतल्या सरबतवाल्यांकडे, गोळेवाल्यांकडे गेलात. चैत्रात पुनवेपासून जत्रा भरते, नंतरच्या भांगातही गर्दी असते, उन्हाने माणूस भाजून निघतो, बर्फाला मागणीच मागणी. कासाच्या बाजारात, सायवनपर्यंत तुम्ही गिऱ्हाईक लावलंत. शेठ खूश. तुम्हीही खूश होतात, मला दाखवलंत, बघा, आता भांगातही कुणाला अर्ध्या दिवसाने घरी पाठवावं लागणार नाही. नवीन दोरा हिरवा होता. सुरेख दिसत होता.

महिन्यातली एक अष्टमी मात्र तुम्ही मोकळी ठेवली होती. ती यंत्राची. त्या दिवशी कॉम्प्रेसर थांबवायचा, बर्फ गोठवणारा अमोनिया वायू अडवायचा, दांड्याभोवतीचं पॅकिंग बदलायचं. पॅकिंग झिजलं की अमोनिया गळतो. आधी डोळे चुरचुरतात, मग छाती. तुम्ही शेठना हे सांगितलं होतं, अनेकदा सांगितलं होतं, हे मला माहीत आहे. पण ज्या माणसाला तुम्हीच शिकवलंत की रिकाम्या दिवसाचा बर्फ विकता येतो, तो एक दिवस कशाला सोडेल? जत्रेचा जोर होता. शेठ म्हणाले, "चालवा दो ने, भाई. एक पंधरवडा. काय होतं?"

तुम्ही माझ्या घरी आलात. आयुष्यात एकदाच. आईने पाट दिला, तुम्ही बसला नाहीत.

"माणसांना सांगा, अष्टमीला यंत्र लावू नका. ते तुमचं ऐकतील."

"तुम्ही लेखी द्या की यंत्र धोक्याचं आहे. तो कागद हातात घेऊन मी उद्या फाटकावर उभी राहते."

"मी पगारी माणूस आहे."

"मग आम्ही काय देवळात बसलोय? कागद नसताना काम थांबवलं तर पहिला जान्या घरी जाईल."

तुम्ही उंबऱ्यात चपला घालत होतात. म्हणालात, "बघतो शेठशी पुन्हा बोलून." मी आजही म्हणते, सही तुमची हवी होती. तुम्ही असतात तर आजही म्हणाला असतात, नकार तुमचा हवा होता. आपण दोघंही बरोबर होतो आणि अष्टमी येऊन गेली. यंत्र चालूच राहिलं.

नवमीच्या दुपारी पॅकिंग सुटलं. जान्या आत होता. ओला पंचा तोंडाला बांधून तुम्ही शिरलात आणि त्याला ओढत बाहेर आणलंत, हे सगळ्यांनी पाहिलं. मग पुन्हा आत गेलात. मुख्य व्हॉल्व्ह उघडा होता, भिंतीपलीकडे झोपड्या होत्या. व्हॉल्व्ह बंद झाला. तुम्हाला लोकांनी उचलून आणलं. दवाखान्यात मी आले तेव्हा तुमच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि श्वासाचा असा आवाज येत होता की मी माझाच श्वास धरून उभी राहिले. तुमच्या पत्नीने, मालतीवहिनींनी, तुमच्या कानाशी माझं नाव सांगितलं. तुमचा हात थोडा हलला. तो मला बोलावत होता की घालवत होता, मला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. व्यवस्थापकाच्या अंत्ययात्रेला कामगार जात नाहीत, निदान माझ्या पाहण्यात नाहीत. तुमच्या गेले. तलासरीच्या पाड्यावरून माणसं आली, टोपलीवाल्या बायका धंदा टाकून आल्या. मी सगळ्यांच्या मागे होते. घोषणा द्यायची सवय असलेल्या माणसाला नुसतं चालणं फार जड जातं.

परवा वहिनींकडे गेले. मला वाटलं, दारातूनच परत पाठवतील. त्यांनी चहा केला आणि तुमच्या तक्रारी सांगत बसल्या. "स्टोव्ह एक आणि भांडी चार. हे स्वयंपाकघरात येऊन सांगायचे, आधी डाळ चढवा, ती निवेल तोवर भात. मी म्हटलं, तुमच्या आईने काय फळीवर दोरे लावून तुम्हाला जेवू घातलं? एकदा मी संपच केला. आज स्वयंपाक नाही, म्हटलं, बसा. तर ओटीवर बसले आणि थोड्या वेळाने बघते तो पायपुसणी आकाराने लावून ठेवतायत. स्वस्थ बसताच यायचं नाही हो त्यांना." हसता हसता वहिनींनी पदर तोंडाला लावला. माझ्या हातातला चहा निवून गेला.

आणि तुमच्या माघारी काय झालं तेही ऐका, तुम्हाला सांगायलाच हवं. सरकारी माणसं आली, चौकशी झाली. यंत्राला विश्रांती नव्हती असं त्यांनी म्हणताच शेठनी हात जोडले आणि युनियनची जुनी मागणी मान्य केली. रविवार. माझा रविवार! कायद्याचा, फुकटचा, कुणाला एक माणूस जास्त ठेवायला न लावणारा. पहिलाच रविवार अमावास्येच्या तोंडावर आला. होड्या भरून आल्या, ओट्याला कुलूप. किनाऱ्यावर मासा तसाच पडला. बायका मला शोधत होत्या, आणि पेढ्यांसाठी नव्हे. घरी आले तर आई अंगणात पापलेटं चिरून मीठ लावत होती. ज्या पापलेटाला मुंबईत भाव, ते खारवत होती. मान वर न करता म्हणाली, "ये गो, बघ. तुझा रविवार वाळत घातलाय."

मला तुम्ही हवे होतात. मान्य करायला नव्हे, भांडायला. कारण जान्या त्याच रविवारी कासाला गेला होता आणि त्याने मुलाला जवळ घेतलं होतं. दवाखान्यातून सुटल्यावर पहिल्यांदा. तो रविवार मी कुठल्या तोंडाने परत मागू? फळीसमोर तुम्ही अडला होतात, तिथेच मी येऊन उभी आहे आणि दोरा दाखवायला कुणी नाही.

काल सभा घेतली. मी दोन्ही बाजू मांडल्या, मला जमेल तशा. तुमची बाजू मांडताना आवाज चढला नाही, तर मागून कुणीतरी ओरडलं, "बाय, जोरात!" मग जान्या उठला. अजून त्याला बोलताना खोकला येतो. म्हणाला, "मशीन काय रविवार वळखते? आन् माझा पोऱ्या काय अष्टमी वळखतो? मशिनला मशिनची द्या, आमाला आमची." माणसांना पाळीपाळीने रविवार, यंत्राला दोन्ही अष्टम्या. एवढंच. मी म्हणाले, पाळी लावायची तर कॉम्प्रेसरवर एक माणूस जास्त लागेल. जान्या म्हणाला, "मंग मागा ना. सायेब तर मागतच होते."

मला हे माहीतच नव्हतं. शेठकडे एक माणूस वाढवा म्हणून तुम्ही पुन्हा पुन्हा गेलात आणि पुन्हा पुन्हा रिकामे आलात, हे खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. मला का नाही सांगितलंत? फाटकावर उभं राहून मी तुमच्यासाठीही ओरडले असते. तुम्हाला ते लाजिरवाणं वाटलं असतं का? की पगारी माणसाने युनियनच्या पोरीकडे मदत मागायची नसते, असा तुमचा काही क्रम होता? तो क्रम मला मान्य नाही. कधीच झाला नसता.

पत्रक छापून आलंय. मागण्या तीन, उद्गारचिन्ह एकही नाही. शेठनी निरोप पाठवलाय, अष्टमीला यंत्र थांबवलं तर जान्यासकट सगळे बाहेर. अजून जत्रेनंतरची लग्नं आहेत, बर्फाला गिऱ्हाईक आहे, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. आम्हाला माहीत आहे. गिऱ्हाईक नेहमीच असतं.

उद्या अष्टमी. आमचं ठरलंय. सकाळी जान्या अमोनिया अडवेल, कॉम्प्रेसर थांबेल, जुनं पॅकिंग निघेल आणि नवं बसेल. ते काम दुपारपर्यंत उरकेल. मग संध्याकाळपर्यंत काहीच नाही. टाकी गार, डबे रिकामे, माणसं भिंतीच्या सावलीत. तुम्ही असतात तर त्या उरलेल्या अर्ध्या दिवसात काय काय बसवता येईल ते तुम्हाला तिथल्या तिथे सुचलं असतं, आणि ते चुकीचंही नसतं. मी त्या वेळात काहीही करू देणार नाही. कुणी झाडू जरी हातात घेतला तरी काढून घेईन.

बसा, प्रभाकरराव. आता तरी बसा.